२०३० नंतर कोण कुठे? कॉलेज फुटबॉलमधली पुढची फोडाफोडी

पिसकॅटवेचा_पिंट्या

डिसेंबर २०२५ उजाडला, आमचा सीझन संपला, बाहेर बर्फ पडायला लागला, आणि ऑफिसात डबे उघडले की आम्हा चौघांचा रोज एकच वाद. बाकीचे तिघं म्हणतात मी उगाच घाबरतोय. म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल संघ गट करून खेळतात. गटाला म्हणायचं कॉन्फरन्स. टीव्हीचा करार गट करतो आणि पैसा सभासदांत वाटतो. त्यामुळे शेजारच्या गटात वाटा मोठा दिसला की विद्यापीठ उडी मारतं. २०२४ ला तर कहर झाला. टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसी या दक्षिणेतल्या गटात गेले, तिथे १६ झाले. लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं (यूएससी आणि यूसीएलए), ऑरेगन आणि वॉशिंग्टन आमच्या बिग टेनमध्ये आले. बिग टेनमध्ये आता १८ आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६. गणित कुणीही विचारू नये.

आता मुद्दा. बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३० ला संपतो. बिग ट्वेल्व्हचा त्याच्या पुढच्या वर्षी. आणि एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या गटातून बाहेर पडायचा दंड २०३०-३१ पासून साडेसात कोटी डॉलरवर येतो. तिन्ही दारं एकाच सुमारास उघडणार. माझा अंदाज असा की नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया बिग टेनमध्ये, क्लेमसन आणि फ्लोरिडा स्टेट एसईसीत. पण खरी भीती वेगळीच. वरचे २०-२४ बडे मिळून वेगळी चूल मांडतील आणि आमच्या रटगर्सला (न्यू जर्सीचं विद्यापीठ) सांगतील, तुम्ही बसा मागे.

तुमचं काय मत?

खवचट

रटगर्स म्हणजे ते ७८-० वाले ना?

पिसकॅटवेचा_पिंट्या

हा आकडा धाग्यावर येणार हे माहीत होतं. निदान दहा प्रतिसाद तरी जाऊ द्यायचे हो.

भातुकली

मी होते त्या दिवशी स्टेडियममध्ये. ऑक्टोबर २०१६, समोर मिशिगन. त्याच्या आदल्या आठवड्यात ओहायो स्टेटने ५८-० केलं होतं. दोन आठवड्यांत १३६ दिले आणि एकही घेतला नाही. नवरा म्हणाला चल निघू, पार्किंगमधून लवकर सुटू. मी म्हटलं थांब, एक फील्ड गोल तरी बघून जाऊ. नाहीच झाला.

पिंट्या, तुझी भीती खरी आहे रे. पण ती २०३० ची नाही, २०१२ चीच आहे. आम्हाला बिग टेनमध्ये घेतलं तेव्हा आमचा खेळ कोणी बघितलाच नव्हता. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आता मुलाला क्लासला सोडायचंय.

शनिवारातली_आजी

फुटबॉल म्हणता आणि चेंडू हातात धरून पळतात, एवढं एक कोणीतरी समजावून सांगा. मुलगा न्यू जर्सीत आहे. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी एका शनिवारी सकाळी साडेआठला मी पोहे टाकत होते, तर याचा फोन: "आई, मॅच आत्ता सुरू होतेय." म्हटलं अरे, तुझ्याकडे रात्रीचे अकरा!

पिसकॅटवेचा_पिंट्या

आजी, तीच ती मॅच! २५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार, रटगर्स विरुद्ध यूएससी. सामना लॉस एंजेलिसला, तिथले रात्रीचे आठ म्हणजे आमचे अकरा. बायको चकल्या तळत होती, मी सोऱ्या फिरवत एक डोळा टीव्हीवर. ४२-२० ने हरलो आणि झोपायला तीन वाजले. चकल्या मात्र खुसखुशीत झाल्या होत्या.

आबा_ऑस्टिन

सगळे अलीकडच्या फोडाफोडीपासून गोष्ट सुरू करतात म्हणून जरा मागचं सांगतो. १९८४ पर्यंत कोणता संघ टीव्हीवर किती वेळा दिसणार हे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशभराची संघटना, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले, आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की ही मक्तेदारी चालणार नाही. त्या दिवसापासून टीव्हीचे हक्क हा विकायचा माल झाला. एकट्यादुकट्याने विकण्यापेक्षा गट करून विकला तर भाव चांगला येतो, हे आपल्याकडच्या दूधवाल्यांना कोणी शिकवावं लागत नाही. फरक इतकाच की इथे जो सगळ्यात जास्त दूध घालतो तो दर दहा वर्षांनी म्हणतो, माझ्या दुधावर बाकीचे का पोसायचे?

आमच्या टेक्ससचंच बघा. २०११ ला आम्ही स्वतःच्या नावाचं चॅनेल काढलं. शेजारचे टेक्सस ए अँड एम आधीच वैतागलेले, ते २०१२ ला घर सोडून एसईसीत गेले. शंभर वर्षांहून जुनं वैर, थँक्सगिव्हिंगचा सामना, सगळं बंद. बारा वर्षं त्यांनी आमच्याशिवाय सुखात काढली आणि २०२४ ला आम्ही त्यांच्याच वाड्यात शेजारची खोली घेतली. ज्या भावाला कंटाळून वेगळे निघालो तोच आता पाण्याच्या नळावर रोज भेटतो. ३० नोव्हेंबरला त्यांच्या घरी सामना झाला, १७-७ ने आम्ही जिंकलो. त्या रात्री माझा ए अँड एमवाला साडू फोन उचलत नव्हता.

खवचट

साडू एसईसीत आला की बायकोची बाजू कोणती, हेही करारात लिहून घ्या.

धोंडो_दिवाणे

एक योगायोग कोणाच्या लक्षात आलाय का? यूएससी आणि यूसीएलए यांनी पॅक-१२ हा पश्चिम किनाऱ्याचा गट सोडतोय असं जाहीर केलं तो दिवस ३० जून २०२२. त्याच दिवशी मुंबईत एकनाथ शिंद्यांचा शपथविधी झाला. मी सकाळी उठून फोन उघडला तर दोन्हीकडे एकच बातमी: गट फुटला. काका गुवाहाटीचं बोलतायत की लॉस एंजेलिसचं, हे कळायला पाच मिनिटं गेली.

खवचट

पुढचं ऐका. नाव आणि चिन्ह कोणाकडे, हा वाद तिथेही कोर्टात गेला. पण तिकडे निकाल उलटा लागला. पॅक-१२ मध्ये शेवटी मागे राहिले दोघंच, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. नाव, तिजोरी आणि मतदानाचा हक्क त्या दोघांकडे राहिला. सोडून गेलेल्या दहा जणांच्या मताला किंमत उरली नाही.

प्रशासक

तुलना इथपर्यंत ठीक. यापुढे महाराष्ट्राचं राजकारण आलं तर प्रतिसाद उडवले जातील. फुटबॉलवर बोला.

धोंडो_दिवाणे

मी फुटबॉलवरच बोलत होतो. :)

सांगलीकर_सॅन_होजे

पॅक-१२ चा विषय निघालाच आहे तर लिहितो. बायको बर्कली विद्यापीठाची, त्यामुळे आमच्या घरात हा हसण्याचा विषय नाही.

१९१५ पासूनचं घराणं हे. ४ ऑगस्ट २०२३ ला सकाळी आमच्याकडे नऊ विद्यापीठं होती, रात्री जेवायला बसलो तेव्हा चार. पाच जण एका दिवसात गेले: दोन बिग टेनमध्ये, तीन बिग ट्वेल्व्हमध्ये. लोक म्हणतात लोभ. मी म्हणतो आधी गाढवपणा. स्वतःचं चॅनेल काढलं, एकही भागीदार घेतला नाही, मोठ्या डिश कंपनीशी कधी सौदा जमला नाही. अर्ध्या देशाला आमचे सामने दिसायचेच नाहीत. शेवटी नवा करार शोधायची वेळ आली तेव्हा हातात होता तो अ‍ॅपलचा प्रस्ताव, म्हणजे ठरलेला पैसा बेताचा आणि बाकी जितके वर्गणीदार येतील त्यावर. ज्यांचे सामने दहा वर्षं कोणाला दिसले नाहीत त्यांनी वर्गणीदारांवर जुगार खेळायचा!

मग आम्ही आणि स्टॅनफर्ड गेलो कुठे? अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत. खिडकीतून प्रशांत महासागर दिसतो आणि नाव अटलांटिक. त्यातही सुरुवातीची सात वर्षं वाटा फक्त ३० टक्के. डॅलसचं एसएमयू विद्यापीठ तर नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसा घेणार नाही या बोलीवर आलंय.

आणि पोटगी विसरू नका. यूसीएलए आणि बर्कली एकाच आईची लेकरं, दोघांवर एकच रीजंट (कारभारी) मंडळ. धाकटा यूसीएलए पळून श्रीमंत झाला म्हणून मंडळाने सांगितलं की थोरल्या बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यायचे. इथले लोक गमतीने खरंच पोटगी म्हणतात त्याला.

निमूट_वाचक

एसएमयू म्हणजे स्वतःचं रेशन घेऊन आलेला घरजावई.

आबा_ऑस्टिन

@निमूट_वाचक, हसू नका. त्या घरजावयाने पहिल्याच वर्षी एसीसीची अंतिम फेरी गाठली, क्लेमसनकडून ३४-३१ ने हरला, तरी प्लेऑफला (अजिंक्यपदाच्या बाद फेरीला) गेला. १९८७ ला खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल यांचा संपूर्ण सीझन रद्द केला होता. आज तेच पैसे विद्यापीठं उघडपणे वाटतात. यंदापासून वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट देता येतात. चाळीस वर्षं आधी जन्मले एवढाच गुन्हा.

झुळूक

तुम्ही सगळे फुटबॉलबद्दल बोलताय. माझी भाची पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात दुसरा खेळ खेळते, कोणता ते सांगत नाही, ओळखू येईल. फुटबॉलवाल्यांना खास विमान. वर्षाला दूरचे मोजून दोन-तीन दौरे, तेही शनिवारी. हिच्या संघाला साधं विमान, मध्ये एक बदल, गुरुवारी निघायचं आणि रविवारी रात्री परत. सोमवारी सकाळी ऑरगॅनिक केमिस्ट्री. मागच्या सत्रात तिने एक परीक्षा हॉटेलच्या खोलीत दिली, शेजारच्या पलंगावर मैत्रीण झोपलेली.

तिला विचारलं, का गं, कॉन्फरन्स बदलून तुम्हाला काय मिळालं? म्हणाली, "मावशी, नवे बूट मिळाले."

भातुकली

झुळूक, खरं आहे. फुटबॉलसाठी नकाशा बदलायचा आणि बाकीच्या वीस खेळांनी त्या नकाशावर धावायचं. फुटबॉल वेगळा काढा आणि बाकी खेळ आपापल्या परिसरात खेळू द्या, हे कित्येक जण बोलतात. करत कोणी नाही, कारण सगळे हक्क एकाच गाठोड्यात विकलेले.

आता माझं सकाळचं राहिलेलं. रटगर्सला का घेतलं? बिग टेनने २००७ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं. केबलचा हिशोब असा होता की ज्या राज्यात तुमचं विद्यापीठ आहे तिथल्या प्रत्येक घराकडून महिन्याला जास्त दर मिळायचा. सामना बघितला का, हे कोणी विचारत नव्हतं. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये माझी सासू दिवसभर मराठी मालिका बघायची, तिच्या केबलच्या बिलातूनही बिग टेनला पैसे जायचे. न्यूयॉर्कच्या आसपासची ती सगळी घरं, आणि मेरीलँडमुळे वॉशिंग्टन-बाल्टिमोरची. म्हणून २०१२ ला ठरलं आणि आम्ही दोघं २०१४ ला आत आलो. मेरीलँडने त्यासाठी एसीसीला ३ कोटी १४ लाख डॉलर मोजले.

मग लोकांनी केबल कापली. आता पैसा मिळतो तो खरोखर किती लोक सामना बघतात त्यावर. ज्या गुणावर आमचं लग्न जमलं तो गुणच बाजारातून गेला. पत्रिका बघून आणलेली सून, आणि आता घरच्यांचा ज्योतिषावर विश्वास उरलेला नाही.

पिसकॅटवेचा_पिंट्या

भातुकलीताई, माझ्या डब्याच्या टेबलावर हेच मला सांगता आलं नाही. उद्या छापून नेतो.

ब्लूमिंग्टनकर

धाग्याच्या मूळ गृहीतकालाच विरोध. "वरचे २०-२४" म्हणजे कोण? आजचे की दहा वर्षांपूर्वीचे?

मी इंडियानात १४ वर्षं आहे. २०२३ ला आम्ही ३-९ (तीन जिंकले, नऊ हरले) होतो. त्या वेळी कोणाला काढायचं असं मत घेतलं असतं तर रटगर्सच्या आधी आमचा नंबर होता. बास्केटबॉलचे लोक, शरद ऋतूत वेळ घालवायला फुटबॉल खेळतात, असं आमच्याबद्दल बोलायचे. मग नवा कोच आला. आणि गेल्या शनिवारी आम्ही ओहायो स्टेटला १३-१० ने हरवून बिग टेन जिंकलो. मी रडलो. शेजारी एक आजोबा होते, ते माझ्यापेक्षा जास्त रडले. आमची ओळखही नव्हती.

खेळाडूंना आता संघ बदलता येतो, पैसेही मिळतात. चांगला कोच दोन वर्षांत घर उभं करतो. आज ज्याला भंगारात काढाल तो परवा अजिंक्य असेल. हे त्या मोठ्या लोकांना कळत नाही असं समजू नका.

खवचट

अभिनंदन मनापासून. पण कळतं आणि वळत नाही, अशीही एक म्हण आहे.

कोकणी_क्लीव्हलँड

ब्लूमिंग्टनकर, शनिवारचं नाव काढू नका. आम्ही ओहायोवाले, घरी सुतक आहे.

निमूट_वाचक

अवांतर: यशस्वी जयस्वाल मुंबई सोडून गोव्याला निघाला होता, एनओसीही मागितली होती, आणि महिन्याभरात म्हणाला राहतो इथेच. अमेरिकेत असं कोणी परत फिरतं का?

आबा_ऑस्टिन

संघ परत फिरला असं आमच्याकडेच झालंय. २०१० ला टेक्सस आणि आणखी काही जण पॅक-१० मध्ये (तेच पुढचं पॅक-१२) जाणार अशी जोरदार हवा होती. ऐनवेळी राहिलो. गेलो असतो तर सांगलीकरांचं घर आज उभं असतं, किंवा आमच्यासकट बुडालं असतं.

धोंडो_दिवाणे

आमच्या गावात (अमेरिकेतल्या) मराठी मंडळाची दोन मंडळं झाली, तीही गणपतीच्या हॉलवरून. एक्झिट फी म्हणून फुटीर गटाने स्पीकर सोडून दिले आणि समई घेऊन गेले. दोन्हीकडे आता तीच माणसं दोनदा मोदक खायला जातात.

भातुकली

हे गाव मला माहीत आहे असा दाट संशय आहे.

सांगलीकर_सॅन_होजे

सगळे एसीसी फुटणार म्हणतायत पण हक्कांचा विषय कोणी काढत नाही. ग्रँट ऑफ राइट्स म्हणजे सातबाऱ्यावर कॉन्फरन्सचं नाव चढवणं. तुम्ही घर सोडून जाऊ शकता, पण तुमच्या घरच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा हक्क जुन्या गटाकडेच, २०३६ पर्यंत. म्हणून तर फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये दावा लावला. सगळे १३ सामने जिंकूनही प्लेऑफला घेतलं नाही, त्याचा राग ताजा होता. मागोमाग क्लेमसन. मार्च २०२५ ला तडजोड झाली: ज्याचे सामने जास्त बघितले जातात त्याला जास्त वाटा, आणि दंड दरवर्षी उतरत जाणार. दंड भरला की हक्कही सुटतात. म्हणजे भाडेकरूने घर सोडावं म्हणून घरमालकानेच तारीख लिहून दिली.

खवचट

नोटर डेमबद्दल कोणीच कसं बोलत नाही? गावातलं सगळ्यात मागणी असलेलं स्थळ, शंभर वर्षं बिनलग्नाचं.

ब्लूमिंग्टनकर

बोलतो. १९९१ पासून त्यांचा एनबीसीशी स्वतंत्र करार आहे. फुटबॉल स्वतंत्र, बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत. या रविवारी प्लेऑफमधून त्यांना वगळलं आणि एसीसीतल्या मायामीला घेतलं. मायामीने त्यांना सीझनच्या पहिल्याच सामन्यात हरवलं होतं हे खरं, पण एसीसीने जाहीरपणे मायामीची तळी उचलली. रागावून यांनी बोल सामनाही (सीझन संपल्यावरचा निमंत्रणाचा सामना) नाकारला. ज्या घरात पाहुणे म्हणून राहतो त्यांनी आपल्याविरुद्ध साक्ष दिली, असं त्यांना वाटतंय. पिंट्या, तुमच्या यादीत सगळ्यात आधी हलणारं प्यादं हे असू शकतं. ते हलले की एसीसीतले सगळे पिशव्या भरायला लागतील.

आबा_ऑस्टिन

असहमत. नोटर डेम रुसतं, पण लग्न करत नाही. प्लेऑफ मोठी झाली की वर्षभरात राग विसरतील.

पिसकॅटवेचा_पिंट्या

मूळ प्रश्नावर येतो. गेल्या काही महिन्यांत बिग टेनमध्ये एक प्रस्ताव फिरत होता: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गुंतवणूक निधीकडून २४० कोटी डॉलर घ्यायचे आणि त्या बदल्यात सगळ्यांनी हक्क २०४६ पर्यंत कॉन्फरन्सच्या नावावर करायचे. मिशिगन आणि यूएससी यांनी मोडता घातला, नोव्हेंबरात विषय थांबला. मला यातच उत्तर दिसतं. ज्याला बाहेर चार स्थळं खुली आहेत तो वीस वर्षांच्या कागदावर सही कशाला करेल? आमच्यासारख्याला मात्र तो कागद म्हणजे विमा. सही थांबली म्हणजे कोणाच्या तरी मनात वेगळी चूल आहेच.

भातुकली

मनात आहे, मान्य. पण जिंकायला कोणीतरी हरावं लागतं. ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट, ऑरेगन, यूएससी, अलाबामा, जॉर्जिया, टेक्सस एवढेच एकत्र खेळले तर त्यातलेही अर्धे दरवर्षी ५-७ होतील. अलाबामाचा माणूस ५-७ सहन करणार? आठ दिवसांत कोच घरी. आमच्यासारखे लोक ठेवण्यात त्यांचाही स्वार्थ आहे. म्हणून माझा अंदाज: काढणार नाहीत, वाटा कमी करतील. ऑरेगन-वॉशिंग्टन अर्ध्याच्या आसपास वाट्यावर आलेच ना? एकदा असमान वाटा चालतो म्हटलं की तो खालच्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

झुळूक

म्हणजे जाऊबाई तीच, स्वयंपाकघर तेच, फक्त पोळ्या मोजून.

पिसकॅटवेचा_पिंट्या

हे पटतंय. आणि भीती कमी होण्याऐवजी वाढलीये.

कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना १८६९ ला रटगर्सनेच खेळला, प्रिन्स्टनविरुद्ध, आणि जिंकलाही, एवढं मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

खवचट

तेव्हापासून तसं काही जिंकल्याचं ऐकिवात नाही.

शनिवारातली_आजी

चेंडू हातात का धरतात, हे अजून कोणी सांगितलं नाही.

आबा_ऑस्टिन

आजी, लाथही मारतात, पण काही सुचेनासं झालं की.

नवीन_एडिसनकर

नमस्कार, जानेवारीत एडिसनला राहायला येतोय. विषय फारसा कळला नाही, पण पुढच्या सप्टेंबरात एखादा सामना बघायचा आहे. पार्किंगमध्ये लोक शेगड्या लावतात म्हणे. मक्याची कणसं भाजलेली चालतात का?

भातुकली

चालतात. तिखट-मीठ आणि लिंबू भरपूर आणा, शेजारच्या गाड्यांतले लोक येऊन मागतात. सामना बारा वाजता असेल तर नवाच्या आत पोचा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.